दार न उघडणारी बाई

लाग्रिमास बाडिल्या सामार बेटावरच्या बाजारात मासे विकायची. तिचा आवाज धक्क्यापर्यंत ऐकू जायचा. त्या आवाजावरच मनिलाहून आलेली मालिकावाली मंडळी भाळली. तुफानात शाळेच्या माडीवर अडकलेल्या माणसांची गोष्ट होती आणि लाग्रिमासला मिळाली खलनायिका. पाणी चढत असताना बाहेरच्यांसाठी दार न उघडणारी बाई.

लाग्रिमासला मोठ्या बहिणीसारखं 'मनांग' म्हणणारी दिग्दर्शिका पहिल्याच दिवशी वैतागली. "मनांग, जरा दुष्ट दिसा ना! डोळे वटारा, हसा कुत्सित!"

"हसेल कशाला ती? पाय लटपटतायत तिचे. मागं पोरं आहेत."

"मग लोकांना तिचा राग कसा येणार?"

लाग्रिमासनं सेटवरच्या बंद दाराकडं पाहिलं. आठ वर्षांपूर्वीच्या तुफानात तिनं स्वतः दार उघडलं नव्हतं. बाहेरून शेजारीण पेतांग दार बडवत होती. पेतांग माडाला मिठी मारून वाचली, पण तिचा डावा हात कायमचा वाकडा झाला. तेव्हापासून दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

"भ्यायली म्हणून ती वाईट नाही," लाग्रिमास शेवटी म्हणाली. "पाणी ओसरल्यावर शेजारणीला तोंडसुद्धा दाखवलं नाही, तिथं ती वाईट झाली. ते दाखवा."

दिग्दर्शिकेनं त्याच दिवशी नवा प्रसंग लिहायला घेतला.

चित्रीकरण आटोपल्यावर लाग्रिमास तडक पेतांगच्या अंगणात गेली. पेतांग विकायला सुमान, म्हणजे चिकट भाताच्या वड्या, केळीच्या पानात बांधत बसली होती.

"पेतांग, मी तुझा आवाज ओळखला होता गं."

पेतांगनं मान वर केली नाही. "माहितेय मला. तूही आतून रडत होतीस, मला ऐकू येत होतं."

"माफ कर म्हणायला आलेय."

"दोन घरं ओलांडायला आठ वर्षं लागली होय?" पेतांगचा आवाज चिरकला. मग तिनं पानांची चळत पुढं सरकवली. "बस. एका हातानं गाठी नीट बसत नाहीत माझ्या."

अंधार पडेपर्यंत लाग्रिमास गाठी मारत राहिली.

मालिका लागली आणि बाजारात लाग्रिमासवर शिव्यांची बरसात सुरू झाली. एका गिऱ्हाइकानं तर "दगडाच्या काळजाची!" म्हणत हातातला मासा परत टोपलीत आपटला.

शेजारी सुमान मांडून बसलेली पेतांग ताडकन उठली. "ए बाई, तिला शिव्या द्यायचा हक्क माझा आहे! तू मासा घे आणि चालू लाग."