बिबड्याच्या काठावरचा अंगठा

३१ ऑक्टोबर १९९९, रविवार. वेबसाइटचं चित्र आज करूनच टाकायचं, असं ठरवून मी सकाळीच कॉम्प्युटर लावला. धुळ्याच्या घरात पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटरचा क्लास चालायचा आणि मागच्या पडवीत सासूबाईंचे बिबडे. ज्वारीचं पीठ शिजवून ओल्या फडक्यावर थापलेले हे पापड बाहेरगावी गेलेले खान्देशी लोक ई-मेल करून मागवत. पण आमच्या वेबसाइटसारख्याच नावाची दुसरी एक निघाली. पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी चुकून तिथून मागवले, आणि वर आम्हालाच कळवलं, "यंदा चव गेली."

नव्या ब्राउझरमध्ये एक सोय होती. पान आवडत्यांच्या यादीत साठवलं की नावाशेजारी आपलं छोटं चित्र दिसायचं. म्हणजे यादीत आपलं पान चटकन ओळखता येणार. जागा मात्र सोळा बाय सोळा चौकोनांची.

"देवीच लावानी," सासूबाईंनी सांगून टाकलं. लग्नपत्रिकेवर देवी असते, मग इथं का नको? मी कुलदेवीचा फोटो लहान करत नेला. शेवटी एक शेंदरी गोळा उरला आणि त्यात दोन पांढरे ठिपके.

"काय वं, हाई देवी शे का भजं?"

"एवढ्या जागेत एवढंच मावतं, आई."

"मंग काढी टाक. देवीनं भजं करू नको."

काढलं. दुपारी बिबडे उलटायला गच्चीवर गेले. शेजारच्या अक्कांचेही तिथंच वाळत होते आणि वाऱ्यानं सगळी सरमिसळ झाली होती. सासूबाई उकिडव्या बसून निवडत होत्या. "हाऊ मन्हा. हाऊबी मन्हा. हाऊ अक्काना." थापून झालं की त्या प्रत्येक बिबड्याच्या काठाला अंगठा दाबत. तो खळगा वाळल्यावरही राही.

"अंगठाबहाद्दर शे तुन्ही सासू!" अक्का मला म्हणाल्या.

"शे," सासूबाई म्हणाल्या. "पन मन्हा माल हारपत नही."

मी बिबडे अर्धवट टाकून खाली आले. पिवळसर गोल काढला, उजव्या काठाला थोडे काळपट चौकोन भरले. लांबूनही ओळखू आला. सासूबाईंनी चष्मा पदराला पुसला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"हाऊ मन्हा. आन देवी?"

"पानावर सगळ्यात वर. मोठी."

"मंग ठीक शे."

इंटरनेट फोनवरूनच चालायचं आणि धुळ्यात आमची लाइन सारखी तुटायची. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लॉपी डब्यात घातली, पारोळ्यावरून जाणारी जळगावची बस पकडली आणि भावाच्या ऑफिसातून फाइल चढवली. पान यादीत साठवून पाहिलं, बिबडा दिसला. मग पुण्याच्या बाईंना ई-मेल केला: जुनी नोंद पुसा, पान नव्यानं साठवा, आणि काठावर अंगठा दिसेल तिथूनच मागवा.