तेरावी नोंद

“आवाज चढवू नकोस, धम्मा. भिंतीपलीकडे माणसं राहतात.”

“राहू देत! सगळ्या जगाला कळलंय, मग शेजाऱ्यांनीच काय घोडं मारलंय?”

“जगाला कसं कळेल? ते पेजवर दिसतच नाही.”

“दिसत नाही? मग हे काय आहे, आई?”

धम्मदीपने फोन आईच्या नाकापर्यंत आणला. चंद्रप्रभाबाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. पडद्यावर काळ्या पाटीवर लिहावीत तशी रंगीत अक्षरं होती, आणि त्या अक्षरांत त्यांचं स्वतःचं नाव. खाली कोणीतरी ‘आंटी रॉक्स’ असं लिहून हसून हसून रडणारे तीन पिवळे चेहरे टाकले होते.

“कोणी पाठवलं?”

“नीरजने. माझ्या ऑफिसातला, वर्ध्याचा. बहिणीसाठी स्थळं बघत होता मंडळाच्या पेजवर. एक फोटो उघडेना, म्हणून उजवी क्लिक करून सोर्स, म्हणजे पेजमागचा कोड, बघितला त्याने. कोणीही बघू शकतं, आई. कोणीही! तुला माहीत नव्हतं?”

नव्हतं.

दिल्ली-फरीदाबादकडे नोकरीसाठी आलेल्या विदर्भातल्या बौद्ध कुटुंबांचं एक मंडळ आहे. त्याची वधू-वर सूची पूर्वी छापून निघायची. मग कोणा हुशार मुलाने तिचं वेबपेज केलं आणि बंगळुरूला नोकरी लागताच तो निघून गेला. अध्यक्ष मारुतीभाऊ थेट चंद्रप्रभाबाईंच्या दारात आले. “ताई, अठ्ठावीस वर्षं सरकारी फायली सांभाळल्यात. हे एक पान सांभाळा.”

आणि बाई वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी एचटीएमएल, म्हणजे वेबपेज लिहायची भाषा, शिकायला बसल्या. नात शाळेत, सून ऑफिसात, कुकर गार होत आलेला. अशा वेळी फोनवर धडा लावायचा आणि ऑफिसातल्यासारख्या सुवाच्य अक्षरात वहीत उतरवायचा. मोठं शीर्षक कशात घालायचं, त्याखालचं लहान शीर्षक कशात, परिच्छेद कशात गुंडाळायचा, यादीतला एकेक मुद्दा कशात. मुख्य नियम एकच, जे उघडलं ते बंद करायचं. एकदा एका मुलाचं नाव ठळक करताना ‘स्ट्राँग’ची खूण उघडली आणि बंद करायची राहिली. संध्याकाळी मारुतीभाऊंचा फोन. “ताई, घोटाळा झालाय. बाराव्या मुलापासून पुढची सगळी स्थळं जाड झालीत!” बाई इतक्या हसल्या की धम्मदीप हेडफोन काढून बघायला आला.

आठवा धडा कमेंटचा होता. कंसाचं टोक, उद्गारचिन्ह आणि दोन आडव्या रेघा, ही वरची खूण. दोन रेघा आणि कंसाचं दुसरं टोक, ही खालची. या दोन खुणांमध्ये जे लिहाल ते पेजवर येत नाही. आपल्या आठवणीसाठी लिहायचं. बाईंनी आधी तसंच लिहिलं : ‘इथून मुलींची यादी’, ‘हा फोटो बदलणे’. मग एका दुपारी त्या सूचीच्या सगळ्यात शेवटच्या विभागात, ‘पुनर्विवाह’मध्ये, आल्या. तिथे अकरा पुरुष होते आणि एक बाई, चौतीस वर्षांची. एकसष्ट वर्षांच्या एका निवृत्त साहेबांची अपेक्षा बाईंनीच टाइप केली होती : शांत स्वभावाची, घर सांभाळणारी, चाळिशीच्या आतली. त्याच्याखाली त्यांनी खुणा टाकल्या आणि खुणांच्या आत लिहिलं :

चंद्रप्रभा रामटेके. वय ५४. उंची पाच फूट एक इंच. बी. ए. अप्पर डिव्हिजन क्लार्क, स्वेच्छानिवृत्त. अपेक्षा : आपला चहा आपण करणारा. जेवताना समोर बसणारा. मी झोपेत काय बोलले ते सकाळी सांगणारा.

तिन्ही अपेक्षा त्यांनी रीतसर यादीत घातल्या, प्रत्येकीची खूण बंद केली. पेज उघडून पाहिलं. काहीच दिसलं नाही. बाई खूश झाल्या. या घरात कोणी न उघडणारा एक कप्पा त्यांना मिळाला होता, असं त्यांना वाटलं.

“मला एवढं सांग, तुला इथे कमी काय आहे?” धम्मदीप आता खालच्या पट्टीत आला होता आणि ती पट्टी जास्त बोचत होती.

“कमी काही नाही.”

“मग? बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. एका शब्दाने कधी बोलली नाहीस. आणि बोललीस कुठे, तर पब्लिक पेजवर! झोपेत काय बोलते, म्हणे! आई, यार, माझ्या ऑफिसात वाचलंय लोकांनी ते.”

“तू वाचलंस का?”

“म्हणजे?”

“नीट. शेवटपर्यंत.”

“मला वाचायचंच नाहीये!”

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. चौदावा मजला. खाली सोसायटीचं फाटक आगपेटीएवढं दिसत होतं. पाच वर्षांपूर्वी लुंबिनी झाली तेव्हा धम्मदीपच म्हणाला होता, आई, पाळणाघरात कशाला, तू आहेस ना. बाईंनी स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जाखाली सही केली, करोल बागेतलं भाड्याचं घर सोडलं आणि इथे आल्या. फाटकावर कोणी आलं की परवानगीचा मेसेज धम्मदीपच्या फोनवर जातो. बाईंच्या जुन्या ऑफिसातली कुसुमावती एकदा डब्यात पाटवड्या घेऊन आली, तेव्हा धम्मदीप मीटिंगमध्ये होता. पंचवीस मिनिटं फाटकावर उभी राहून ती परत मेट्रोला गेली. पुन्हा आली नाही. धम्मदीपने तेव्हा मनापासून सॉरी म्हटलं होतं. वाईट नाहीये पोरगा. तो वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

“त्या विभागात अकरा पुरुष आहेत,” बाई म्हणाल्या. “अकराही नावं पेजवर उघड आहेत, फोटोसकट. एक जण तर आजोबा झालाय. त्याच्या मुलाला नीरजने हसरे चेहरे पाठवले का?”

“ते वेगळं आहे.”

“कसं?”

“आई, प्लीज! वेगळं आहे म्हणजे आहे.”

“तुझी शिवांगी याच सूचीतून आली. तिची नोंद तूच मला वाचून दाखवली होतीस. दोनदा.”

“चलो, हे संपवू आपण.” धम्मदीपने घड्याळ पाहिलं. “दीडला माझा कॉल आहे. ते आत्ताच्या आत्ता काढून टाक. आणि मारुतीकाकांना मी सांगतो, आईला जमत नाही, दुसरं कोणी बघा.”

“मला जमतं.”

“आई.”

“मला जमतं, धम्मा. तेवढंच तर जमतं.”

जेवणाच्या टेबलावरचा लॅपटॉप त्याने स्वतःकडे ओढला आणि फाइल उघडली. रंगीत अक्षरांचा डोंगर बघून त्याचा चेहरा पडला. स्पेअर पार्टच्या विक्रीचे एक्सेलमधले आकडे तो झोपेतही वाचेल, पण हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

“कुठे आहे?”

“शेवटी. खाली जा. अजून खाली.”

“हां, हे. आता काय पुसू? काहीतरी भलतंच पुसलं गेलं तर सगळं पेज कोसळायचं.”

बाई त्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. त्याच्या डोक्यावर मधोमध केस विरळ होऊ लागले होते, अगदी त्याच्या बाबांसारखे, बबनरावांसारखे. सांगायचं काय ते त्यांना ठाऊक होतं. पहिल्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत सगळं निवड आणि पूस, दहा सेकंदांचं काम. तोंड उघडेपर्यंत त्या तेच सांगणार होत्या.

“नावाच्या वरची ओळ दिसते? उद्गारचिन्ह आणि दोन रेघा?”

“हो.”

“ती पूस.”

त्याने पुसली.

“आता शेवटच्या अपेक्षेखाली. दोन रेघा आणि कंसाचं टोक.”

“ही?”

“ती.”

तीही गेली. तोवर करडी असलेली अक्षरं एका क्षणात रंगली, पेजवर दिसणाऱ्या बाकी नोंदींसारखी.

“बस? एवढंच?” धम्मदीपने मान वळवली. “आणि हे मधलं?”

बाईंनी उत्तर द्यायच्या आत त्याचं त्यालाच सुचलं. ऑफिसात प्रत्येक गोष्ट पटकन समजणारा माणूस होता तो. “अच्छा! म्हणजे त्या खुणा स्विचसारख्या आहेत. ऑन-ऑफ.”

“हो,” बाई म्हणाल्या. “स्विचच.”

“बिल्कुल. मग कशाला धक्का लावायचा त्याला?” त्याने सेव्ह केलं आणि बाईंनी बोटाने दाखवलेल्या अपलोडच्या बटणावर क्लिक केली. पडद्यावर हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली आणि भरली. धम्मदीपने इतका लांब श्वास सोडला की बाईंना क्षणभर त्याची दया आली. त्याने फोन उचलला आणि बोलत बोलतच टाइप केलं, “नीरजला लिहितो, आता बघ, काही सापडत नाही तुला.”

भिंतीवरच्या घड्याळात एक वीस झाले होते. लुंबिनीची बस दीडला फाटकाशी येते. बाईंनी खुंटीवरची ओढणी घेतली. शू-रॅकमधून चपला काढल्या. एकीचा पट्टा पायात नीट बसेना, तेव्हा त्या दाराच्या चौकटीला धरून वाकल्या.

“आई, गेलं ना आता ते?”

पट्टा बसला.

“आई? पेजवरून गेलं ना सगळं? एकदा उघडून बघू?”

चंद्रप्रभाबाईंनी किल्ली घेतली आणि दार ओढून त्या बाहेर पडल्या.