डोळा लाल झाला की तसेच निघा!

डोळ्यांच्या वॉर्डात पेशंट गप्प बसतच नाहीत. डोळ्यांवर पट्टी, मग करणार काय? तोंडच चालतं! सोलापुरात मी नर्स होते, तेव्हाचे किस्से असेच साठत गेले.

काचबिंदूच्या ऑपरेशनात डोळ्याच्या पांढऱ्या भागाला बारीक भोक पाडून आतल्या पाण्याला वाट करून देत. वरचा पापुद्रा नाजूक. कधी काही महिन्यांनी त्यातून घाण शिरे, डोळा लालभडक होई, पू धरे. उपाय म्हणजे शेक, थेंब आणि दुधाचं इंजेक्शन! उकळलेलं दूध कमरेत टोचायचं. ताप चढला की डोळ्यातला रोगही हटतो, असा तेव्हाचा समज.

नातेपुत्याच्या किसनबाबांच्या अशा डोळ्यात सुनेनं शेळीचं दूध घातलं. डॉक्टर तिच्यावर जाम भडकले. मग मी सिरिंज घेऊन गेले.

"ह्यात काय हाय?"

"दूध."

बाबा उठूनच बसले. "मग माज्या सुनंला का वरडलासा?"

डॉक्टर म्हणाले, "दूध बरोबर होतं बाबा, जागा चुकली!"

\*

हातमागावर साड्या विणणाऱ्या राजय्यांना निजून राहायला सांगितलेलं. पण चादरीखाली पाय मागावर चालावेत तसे सारखे हलत.

"सिस्टर, साडी अर्धी राहिलीय. मनात तरी पुरी करू द्या की!"

दुसऱ्या दिवशी पाय शांत. मी विचारलं, "काय झालं?"

"साडी मागावरून उतरली!"

\*

होटगीचा रेल्वेतला गँगमन तुकाराम उशिरा आला. ड्यूटी सोडता येईना म्हणून लाल डोळ्यानंच रुळांवर राबत राहिला होता. आम्ही सगळं केलं. डोळा गेला.

डॉक्टर त्याच्या खाटेशी येऊन बसले. तोच म्हणाला, "सायेब, दुसऱ्या डोळ्यातबी काचबिंदू हाय न्हवं? त्याचं ऑपरेशन कवा करायचं?"

"पुन्हा? माझ्याकडून?"

"व्हय. तुमी तुमचं काम केलं. येळंवर आलो न्हाय, त्यो मी."

तेव्हापासून डॉक्टर घरी निघालेल्या प्रत्येक पेशंटला दारापर्यंत सोडायला जात. "डोळा लाल झाला की तसेच निघा. ड्यूटी नाही, सुगी नाही, लग्न नाही!"

\*

अक्कलकोटकडच्या गौरव्वा तशाच निघाल्या, बैलगाडीनं. एक डोळा आधीच गेलेला, उरलेल्यात पू. शेक, थेंब, दूध, ताप. डॉक्टर वॉर्डातून हलेनात. घरून आलेला डबा तसाच परत जाई.

पट्टी काढायच्या सकाळी सगळा वॉर्ड गप्प. डॉक्टरांनी बोटं समोर धरली.

"अव्वा, किती?"

गौरव्वा बोलेनात. डॉक्टरांनी बोटं आणखी जवळ नेली.

"अव्वा, काहीच दिसत नाही?"

"अय्यो, बोटं ऱ्हाऊ द्या की! दाढी किती वाढलीया तुमची!"