पाणवठ्यावरची पिपाणी

माझा कुत्रा ज्या कायोटीनं नेला, त्याला मी समोरासमोर पाहिलं आहे. नुकतं उजाडत होतं. कुत्र्याला मागच्या अंगणात सोडून मी दारात चहा घेत उभी होते. कुंपणाची भिंत जेमतेम छातीएवढी, पलीकडे कोरडा ओढा. काहीतरी करडं भिंतीवरून आत आलं आणि मी ओरडेपर्यंत परत भिंतीवर चढलंही, तोंडात माझा एवढासा कुत्रा घेऊन. तिथे ते जनावर क्षणभर थांबलं. माझ्याकडे निवांत बघितलं, आणि मग पलीकडे उतरलं. कायोटी म्हणजे कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून किरकोळ, दिसायला अगदी साधा प्राणी. पण त्या बघण्यात असा माज होता की मी हातातला कप भिंतीवर फेकून मारला आणि मोठ्यांदा म्हणाले, तुला सोडणार नाही.

ही २००५ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही तेव्हा ॲरिझोनाच्या वाळवंटात राहत होतो. नवऱ्याचा व्हिसा कामाचा आणि माझा व्हिसा नवऱ्याचा. एम.एस्सी. करून आलेली मी, नोकरी करायची परवानगी नाही म्हणून दिवसभर एसीचा आवाज ऐकत बसायचे. भारतात फोन करायचा तर कार्ड खरवडून लांबलचक आकडे दाबायचे. सासूबाई येईपर्यंत त्या घरात माझं मराठी दिवसभर ऐकून घेणारा तो कुत्रा एकटाच होता. रागावलं की तो सोफ्याखाली जायचा आणि हाक मारली की लगेच बाहेर यायचा, एवढं माझं तिथे कुणीच ऐकत नव्हतं.

नवरा संध्याकाळी म्हणाला, "यार, किती रडशील? वीकेंडला शेल्टरमध्ये जाऊ, दुसरा ॲडॉप्ट करू." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "तू गेल्यावर मीही दुसरा ॲडॉप्ट करीन." सासूबाई शेजारीच भाजी निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि परत मान खाली घातली. आमचे सासरे जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बोलून गेल्यावर ते माझ्या लक्षात आलं, पण मी शब्द काही मागे घेतला नाही.

सासूबाई त्या वसंतात आमच्याकडे आल्या होत्या. सासऱ्यांचं वर्षश्राद्ध होईपर्यंत रोज त्यांच्या नावाचा घास काढायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. एक छोटी ताटली, त्यात भात, फोडणीचं वरण आणि जे काही केलं असेल ते. आधी त्या ती दुपारी मागच्या भिंतीवर ठेवायच्या. मग जून आला. भिंतीला हात लागला तर चटका बसायचा. तापलेल्या दगडावर घास करपेल, कावळ्याची चोच भाजेल, म्हणून त्या ताटली दिवेलागणीला ठेवू लागल्या. संध्याकाळी कुठला कावळा जेवतो, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "तिकडे आत्ता सकाळ झाली असेल. ते तिकडच्या वेळेनंच येणार ना गं?" मी हसले. नवरा म्हणाला, ठेवू दे, त्यांना बरं वाटतं. आणि बरं वाटतही होतं, कारण सकाळी ताटली लख्ख असायची. "आज वरण आवडलेलं दिसतंय," असं त्या समाधानानं म्हणायच्या.

तर मला सूड घ्यायचा होता आणि मला बंदुकीतलं ओ का ठो कळत नव्हतं. पण महाराष्ट्र मंडळात एक डॉक्टर काका होते. फार वर्षांपूर्वी विदर्भातून आलेले, आता रिटायर झालेले सर्जन. गुढीपाडव्याला पंक्तीत श्रीखंड आग्रहानं वाढणारे हे गृहस्थ कायोटीची शिकार करतात, ही गोष्ट मंडळात कुजबुजत सांगितली जायची. काकू पक्क्या शाकाहारी. रायफल गराजच्या आत येता कामा नये आणि काकांनी आंघोळ केल्याशिवाय चहा मिळणार नाही, असा त्यांच्या घरचा करार होता.

मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "मारायचं माझ्यावर सोड. पण मला बोलवायला माणूस पाहिजे. बायपासनंतर माझा दम पुरत नाही."

बोलवायचं म्हणजे कायोटीला. त्यासाठी लाकडाची एक बोटभर लांब गोष्ट असते. तिला कॉल म्हणतात, पण ती दिसते जत्रेतल्या पिपाणीसारखी. ती फुंकून मरणाऱ्या सशाची किंकाळी काढायची. आयती जेवणाची सोय झाली असं वाटून कायोटी येतो. आवाजाचं यंत्रही मिळत होतं, पण काकांना त्याचा तिटकारा. मी ती पिपाणी घरी आणली आणि बंद गाडीत बसून सराव केला. पहिले काही दिवस बदकासारखा आवाज यायचा. मग मी त्या भिंतीवरच्या नजरेची आठवण काढून फुंकायला लागले आणि काय सांगू, ससा अगदी जिवाच्या आकांतानं ओरडला. काकांनी फोनवरून ऐकलं आणि म्हणाले, "बेटा, कमाल आहे. आता शिकारीचं लायसन्स काढ. ते हातात असल्याशिवाय मी तुला नेणार नाही."

पहिल्या खेपेला मीच घोळ घातला. पहाटे आंघोळ करून, देवापुढे उदबत्ती लावून, केसांना मोगऱ्याचं तेल चोपडून निघाले. आम्ही बसलो, मी फुंकलं, दूरवर एक कायोटी उठून यायलाही लागला. मग वारा फिरला. त्यानं नाक वर केलं आणि मागे वळून जो पळाला तो गुल. काका म्हणाले, "अख्खं देवघर घेऊन आलीस की." त्यानंतर मी शिकारीला पारोशी जाऊ लागले. सासूबाईंना ते मुळीच आवडलं नाही.

उन्हाळ्यातली शिकार म्हणजे पाण्याची शिकार, हे काकांनी मला शिकवलं. ऊन चढलं की कायोटी झुडपाखाली पडून राहतो, सशाच्या किंकाळीलाही भीक घालत नाही. पण पाण्यापासून तो लांब जात नाही. आमच्या घरामागचा ओढा वस्ती सोडून बराच पुढे गेल्यावर, गुरांसाठी बांधलेल्या एका टाकीपाशी जायचा. तिथल्या ओल्या मातीत पावलं उमटलेली होती. सूर्य पाठीशी, वारा तोंडावर, बाभळीसारख्या काटेरी मेस्कीटच्या विरळ सावलीत आम्ही जाऊन बसायचो. थोडा वेळ फुंकायचं, थोडा वेळ गप्प. आठ वाजेपर्यंत जीभ टाळूला चिकटायची आणि जमीन डोळ्यांपुढे हलायला लागायची. काका म्हणायचे, आता पुरे, मला दवाखान्यात न्यायची वेळ येईल. मी उठायचे नाही. नागपूरच्या मे महिन्यात वाढलेली मी, मला कोण ऊन शिकवणार?

एका सकाळी तो आला. मी दोनदा फुंकलं होतं आणि तिसऱ्यांदा श्वास घेत होते. ओढ्याच्या वळणावरून तो धावतच बाहेर पडला, टाकीपाशी थबकला आणि थेट माझ्याकडे बघू लागला. मी पिपाणी दातात घट्ट धरली. मनात म्हटलं, बघ, नीट बघून घे. काकांची गोळी सुटली आणि तो जागच्या जागी बसल्यासारखा खाली गेला. मला इतका आनंद झाला की मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. आजही मला त्या टाळ्यांची लाज वाटत नाही.

जवळ गेल्यावर मात्र शंका आली. कायोटी सगळे सारखेच दिसतात. "हा तोच कशावरून?" मी विचारलं. काकांनी खांदे उडवले. मेलेल्या जनावराचं पोट उघडून त्यानं काय खाल्लं होतं ते बघायचं, ही त्यांची सर्जनची जुनी खोड होती. त्यांनी हातमोजे चढवले. मेस्कीटच्या शेंगा निघाल्या. सशाचे केस निघाले. मग काका थांबले, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "हे काय गं?"

भाताची शितं होती. मोहरी होती. आणि एक कढीपत्त्याचं पान, जसंच्या तसं.

मग काकांनी हळूच विचारलं, "बाहेर काही ठेवता का?"

रोज आमच्या भिंतीवर येणारा तो तोच होता, याबद्दल आता शंका उरली नाही. पण माझा आनंद त्याच क्षणी नासला. ससा होऊन मी काय मोठं बोलावलं होतं! त्याला रोज संध्याकाळी ताट मांडून आमच्या घरानं आधीच बोलावलं होतं. माझा कुत्रा त्या जेवणाच्या वाटेत आला होता, इतकंच. परतीच्या वाटेवर काका म्हणत राहिले, "घरी काही बोलू नकोस. म्हातारं माणूस आहे. काही निमित्त सांगून ताटली बंद कर." मी ऐकून घेतलं. माझा सूड अर्धाच झाला होता आणि मला तो पुरा हवा होता. ते पान मी पाण्यानं धुऊन टिश्यूत गुंडाळून घेतलं होतं.

सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. मी चपला न काढताच आत गेले आणि टिश्यू त्यांच्यापुढे उघडला.

"आई, तुमचा कावळा मारला आज आम्ही. हे त्याच्या पोटात निघालं. रोज तोच जेवायचा. त्यानंच माझा कुत्रा नेला."

त्या रडतील, निदान नाही म्हणतील, असं मला वाटलं होतं. तेच बघायला मी आले होते. त्यांनी पान हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. कालच्या वरणातलं ते, त्यांनी ओळखलं.

मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "म्हणजे जाताना पोट भरलेलं होतं ना त्याचं?"

मी हो म्हटलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसत आतल्या खोलीत गेल्या.