दुपारी वाढणारे कण

विष्णुपुरीजवळच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. अवकाशातून येणारे अतिसूक्ष्म कण साध्या वेबकॅमेऱ्यानंही टिपता येतात, हे वाचल्यापासून मला चैन पडेना. लेन्सवर काळी टेप लावायची, आत उजेड जाऊ द्यायचा नाही. तरीही चित्रात ठिपका चमकला, तर कण येऊन गेला असं समजायचं. ठिपके मोजायचं सॉफ्टवेअर फुकट होतं, कुणीही उतरवून घ्यावं. सूचना मात्र लांबलचक. मी पहिलं पान वाचलं आणि बाकीची नुसती चाळली. मला कोण काय शिकवणार, असा माझा तोरा होता.

अंधार हवा म्हणून कॅमेरा गच्चीवरच्या पत्र्याच्या स्टोअररूममध्ये ठेवला. टेप आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस चाचांनी लावली. त्यांच्या घरचा नांदेडात पूर्वी फोटो स्टुडिओ होता. टेपला एक सुरकुती पडू देतील तर शपथ! ठिपके येऊ लागले. दुपारी तर विचारूच नका.

लातूरचे काही प्राध्यापक प्रयोग बघायला आले. त्यांना आलेख दाखवत मी सांगितलं, "दुपारी आकाशातून कण जास्त येतात."

शेजारी उभे असलेले चाचा हळूच म्हणाले, "मॅडम, पत्रा तापला की आकडा वाढून राहिला. कॅमेऱ्याला गरम होत असंल. उन्हाळ्यात आम्ही फिल्मचे रोल माठापाशी ठेवायचो, न्हाई तर खराब व्हायचे."

"चाचा, हे लग्नाचे फोटो नाहीत," मी म्हणाले.

सगळे हसले. चाचाही हसले आणि खुर्च्या आणायला गेले.

पाहुणे गेल्यावर मी सूचना उघडल्या. तिसऱ्याच पानावर होतं: कॅमेरा थंड जागी ठेवा, तापला की तो खोटे ठिपके दाखवतो. दुसऱ्या दिवशी तो तळमजल्यावर हलवला. दिवसभरात जेमतेम दोन-तीन ठिपके उरले.

लातूरकरांना चूक कळवणं भागच होतं. प्राचार्यांना सांगायला गेले, तेव्हा चाचा तिथंच कपाटातल्या फायली लावत होते.

"चूक सापडली कुणाला?" प्राचार्यांनी विचारलं.

"मलाच," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं, असं म्हणायचीही सोय नाही. मी आधी चाचांकडे पाहिलं होतं आणि मग बोलले होते.

"काय चाचा, मॅडमनी एकट्यांनीच शोधली?" प्राचार्यांनी गमतीनं विचारलं.

"हाव सर," फायलींवरून नजर न उचलता चाचा म्हणाले, "मॅडम लई बारीक बघतात."

टोमणा असेल म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नव्हता. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, इतकी मला लाज वाटली. तरी प्राचार्य "शाब्बास" म्हणाले, तेव्हा मी मान हलवून "थँक्यू सर" म्हणाले.