रोटावेटर लावाले तीन माणसं काहून लागत होते?

मंडळी, आज सकाळी आसेगावच्या आमच्या वावरात गंमत झाली. जमीन अगदी वापशावर, ना ओली ना कोरडी, आन छोट्या ट्रॅक्टरले माती भुसभुशीत कराचं रोटावेटर लावाले घरचं दुसरं कोणी नाही. आमचे हे मंगरूळपीरले गेलेले. सोबत फक्त माझे सासरे.

एरवी एक जण ट्रॅक्टरवर बसते, दुसरा लोखंडी सब्बलनं रोटावेटर सरकवते, तिसरा निस्ता "आण, आण, थांब!" म्हणून वरडते.

ट्रॅक्टरच्या मांगं रोटावेटर अडकवाले तीन दांड्या असतात, दोन खाली, एक वर. सासऱ्यायनं नेहमीसारखी वरची दांडी आधी लावली. मंग खालच्या पिना काही केल्या बसेनात.

"मामाजी, वरची काढून पाहू का?"

मी ट्रॅक्टर बंद केला. खालची डावी दांडी आधी लावली. उजवीले वर-खाली कराचं हँडल हाये, ते फिरवून छिद्रासमोर आणली. वरची सगळ्यात शेवटी. सब्बलले हातही लावा लागला नाही!

"मामाजी, तुमी वरून काहून सुरू करत होते?"

ते म्हणे, "बैलाच्या मानेवर आधी वरून जू ठेवा लागे ना वं. हाताले तेच ठाऊक."

आमचा गोठा कधीचा रिकामा हाये. तरी हात अजून बैलच जुपून राह्यले.

सांगा बरं, तुमच्या घरी कोणतं काम अजून बैलाच्या हिशेबानं चालू हाये?