सभेनं नाही म्हटलं होतं

आमच्या गावच्या तलावावर मासे धरणाऱ्यांची सोसायटी आहे, आणि तिला अध्यक्ष आहे. पण अध्यक्ष असला म्हणून काय झालं? सगळी घरं तलावाच्या पाळीवर बसून हो म्हणत नाहीत तोवर पाण्यात जाळं पडत नाही. एका अध्यक्षानं एकदा न विचारता जाळी टाकली, तेव्हा माझे बाबा सभेत उभे राहिले, आणि त्या माणसाला भरलेलं जाळं पाण्यात मोकळं करावं लागलं. तेव्हापासून बाबांचा देवापेक्षा सभेवर जास्त भरवसा.

माझा धाकटा भाऊ आखातातल्या एका बंदरावर वेल्डर होता. आमच्या गोंडपिपरीत हाताला काम असतं तर कशाला जाईल कोणी तिकडं? यंदा तिथं युद्ध पेटलं. दूरच्या एका बलाढ्य देशाच्या राष्ट्राध्यक्षानं आपल्या संसदेला न विचारता बॉम्ब टाकले, आणि उलट मारा भावाच्या बंदराच्या आसपास पडू लागला. कंपनी म्हणाली, जायचं त्यांनी आताच जा, परत कामावर घेणार नाही. भावानं बॅग भरली आणि घरी फोन केला.

टीव्हीवर तेव्हा सांगत होते की युद्ध थांबवायच्या ठरावासाठी त्या देशाची संसद बसली आहे. बाबा त्याला म्हणाले, "काऊन घाई करतं बापू? सभा बसून राह्यली त्यायची. सभेनं नाई म्हटलं का अध्यक्षाले जाळं काढाच लागते. चार दिवस थांब."

"थांबतो," तो म्हणाला. बाबांचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता.

संसदेनं खरंच ठराव केला. बाबांनी मला चंद्रपूरला फोन करून सांगितलं, घरचं लग्न जुळल्यासारखा आवाज. मी म्हटलं, चला, सुटलो एकदाचे. मग बातमी आली की राष्ट्राध्यक्षानं तो ठराव फेटाळला. तसा हक्क त्याला त्यांच्या कायद्यानंच दिलाय म्हणे. त्यावर मात करायची तर संसदेला दोन तृतीयांश मतं लागतात, ती काही जमली नाहीत. ज्याला आवरायचं, त्याच्याच हाती ठराव खोडायचा हक्क! मला अजून संताप येतो. बाबांना हे समजावताना माझ्या तोंडाला फेस आला. ते एकच विचारत, "पण सभेनं नाई म्हटलं ना?"

त्याच आठवड्यात ते बंदर जळालं. भाऊ पेटीतून आला. पेटी उघडू नका, असं आम्हाला बजावलं होतं.

तेरवी झाल्यावर सोसायटीची माणसं बाबांना सभेला न्यायला आली. बाबा म्हणाले, "तुमीच बसा भाऊ." त्यांनी पुष्कळ समजूत घातली. तुमची काय चूक, त्या साहेबाची मनमानी, असं बोलत राहिले.

आई दारात उभी होती. इतक्या दिवसांत ती बाबांशी एक शब्द बोलली नव्हती.

"त्याले त्याच्या सभेनं थांब म्हटलं, थो थांबला नाई," ती म्हणाली. "माह्या पोराले त्याच्या बापानं थांब म्हटलं. थो थांबला."